इकडील सर्व क्षेम

आमचे आजोबा महिन्यातून दोनदा पोस्टकार्ड लिहायचे. वर मधोमध ‘श्री’, उजव्या कोपऱ्यात तिथी आणि तारीख, आणि मग ठरलेलं पहिलं वाक्य : ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळविणे.’ आजी हिवतापानं अंथरुणाला खिळली होती त्या महिन्यातल्या कार्डावरही हेच वाक्य होतं. बाबा ते कार्ड उलटसुलट करून बघायचे, कारण खरी बातमी असलीच तर ती पत्त्याच्या शेजारी, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, आडव्या अक्षरांत असायची : ‘सौ.स जरा कसकस आहे, काळजीचे कारण नाही.’ ‘काळजीचे कारण नाही’ हे वाचलं की आमच्या घरात काळजी सुरू व्हायची आणि बाबा एस्टीच्या वेळा बघायला लागायचे.

पोस्टकार्डं गेली. फोन आले, मग ई-मेल आली, मग चेहरा दाखवणारा फोन आला. आता लपवाछपवी कशी चालणार, असं आम्हाला वाटायचं. आम्ही म्हणजे अस्मादिक, पुण्याचे इंजिनियर, एम.एस. करायला म्हणून अमेरिकेत आलो आणि टेक्सासात ह्यूस्टनला रुजलो. पण २०२३ च्या उन्हाळ्यात कतारमध्ये आम्हाला असं कळलं, की आजोबांचं ते पहिलं वाक्य पोस्टकार्डाबरोबर गेलेलं नाही. ते आमच्या रक्तात उतरलंय. त्याची ही हकिगत.

झालं असं, की कंपनीनं आम्हाला पाच महिन्यांसाठी कतारला पाठवलं. मे ते सप्टेंबर. कतारला लोक हिवाळ्यात जातात, इतपत भूगोल आम्हालाही ठाऊक होता. पण कामाच्या वेळापत्रकाला ऋतू नसतात. काम होतं रास लफान या औद्योगिक नगरीत, दोह्याच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर. कतारच्या किनाऱ्यापलीकडे समुद्राखाली ‘नॉर्थ फील्ड’ नावाचा नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा आहे. तो सापडला १९७१ साली आणि तिथला वायू द्रवरूपात जहाजातून बाहेर जायला लागला १९९६ च्या अखेरीस. वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होतं. मग तो जहाजात भरून कुठंही न्या. २००४ पासून तो गुजरातेत दहेजच्या बंदरातही उतरतो. म्हणजे कुंपणाच्या आत उणे १६२ आणि कुंपणाच्या बाहेर अधिक सेहेचाळीस, अशा दोन टोकांच्या मधोमध आमचं टेबल होतं.

निघताना सौ.नं औषधांचा डबा भरून दिला. तापावर, खोकल्यावर, जुलाबावर, पित्तावर गोळ्या. शिवाय सुंठ, ओवा आणि हिंगाष्टक. विमानाचे पंधरा तास धरून कुठं काय होऊ शकतं याचा तिनं पूर्ण विचार केला होता. एकच गोष्ट तिच्या यादीत नव्हती, आणि नेमकी तीच झाली.

राहायला अल खोरला फ्लॅट मिळाला होता. २०२२ च्या विश्वचषकाचा पहिला सामना जिथं झाला ते तंबूच्या आकाराचं अल बैत स्टेडियम याच गावात आहे. पहाटे साडेचारला उठायचं, सहाच्या आत साइटवर, दुपारी कार्यालयात, संध्याकाळी परत. उन्हाबद्दल मात्र तिथं कायदा आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी. शिवाय नुसतं तापमान बघत नाहीत. उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा या सगळ्यांचा मिळून एक आकडा काढतात आणि तो ३२.१ अंशांच्या वर गेला की वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. आखाती उन्हाळ्यातला दमटपणा मुंबईच्या माणसालाही मुंबई बरी म्हणायला लावणारा. पहाटे पाच वाजता गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटं माणूस आंधळा होतो.

या साइटवर आमचा एक जादा उद्योग होता. कामगारांत नेपाळी, भारतीय, बांगलादेशी पुष्कळ. आम्हाला हिंदी येतं असं कळल्यावर सुरक्षा विभागानं आम्हाला आठवड्यातून दोनदा सकाळच्या ‘टूलबॉक्स टॉक’ला उभं केलं. विषय : पाणी प्या. हातात एक रंगीत तक्ता. त्यावर लघवीचे आठ रंग, फिकट लिंबूसरबतापासून थेट काळ्या चहापर्यंत. “भाइयों, ऊपर के तीन रंग ठीक हैं, उसके नीचे गए तो पानी पियो,” असं आम्ही तळमळीनं सांगायचो. कामगार हसायचे, माना डोलवायचे.

आणि आम्ही स्वतः? आम्ही दिवसभर एअर कंडिशनरमध्ये. घाम येतो तो गाडी ते दार एवढ्या अंतरात, त्यामुळं आपल्याला तहान नाही अशी समजूत. साइटवर स्वच्छतागृह लांब, तिथवर जायचं म्हणजे हेल्मेट, चष्मा, जोडे सगळा सरंजाम चढवा. म्हणून सकाळी मुद्दाम पाणी कमी प्यायचं. त्याची भरपाई चहानं. कतारमध्ये ‘करक’ नावाचा दाट, गोड, वेलदोड्याचा चहा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, गाडीतून उतरायलाही लागत नाही. आम्ही दिवसाला पाच-सहा रिचवत होतो. ज्या देशात एकही नदी नाही, पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं गोडं करून नळाला येतं, तिथं ते नळाशी आलेलं पाणी प्यायचा आम्हाला कंटाळा! तक्त्यावरचा आपला स्वतःचा रंग कितवा, हे आम्ही एकदाही बघितलं नाही.

जुलैच्या मध्यावर एका गुरुवारी रात्री, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या आदल्या रात्री, अडीचच्या सुमाराला जाग आली. डाव्या कुशीत काहीतरी रुतल्यासारखं वाटत होतं. गॅसेस असतील म्हणून ओवा चावला. पंधरा मिनिटांत ओवा, हिंगाष्टक, पित्ताची गोळी असं सगळं झालं आणि आम्ही न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो. उभं राहावं तर दुखतंय, आडवं व्हावं तर दुखतंय, बसावं तर त्याहून जास्त. दोनदा उलटी झाली. घाम असा सुटला की रंगीत तक्त्याची आठवण यावी.

एवढ्यात फोन वाजला. ह्यूस्टनला संध्याकाळचे साडेसहा. चिरंजीवांनी पोहण्याच्या शर्यतीत मिळालेल्या निळ्या रिबिनीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, फर्स्ट!’ आम्ही फरशीवर पडल्यापडल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. नंतर विचार केला तेव्हा जाणवलं, की तेच आमचं पोस्टकार्ड होतं. इकडील सर्व क्षेम.

खाली वॉचमन होता, नेपाळचा, विशीतला पोरगा. आम्ही जिना कसा उतरलो ते आठवत नाही. त्यानं आम्हाला बघितलं, एक शब्द विचारला नाही, खुर्चीवर बसवलं आणि कुणाला तरी उठवून गाडी आणवली. रुग्णालयात तो सोबत आला, आमचं पाकीट आणि ओळखपत्र त्यानंच खिडकीवर दिलं, आणि साडेचारला ‘ड्यूटी है सर’ म्हणून परत गेला. आम्ही त्या इमारतीत दोन महिने राहत होतो. त्या रात्रीपर्यंत त्याचं नाव आम्ही विचारलेलं नव्हतं.

केरळच्या सिस्टरनं एक इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटांत जग पुन्हा सरळ झालं. मग सीटी स्कॅन झाला. डॉक्टर इजिप्तचे, उंच आणि शांत. त्यांनी पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला. डाव्या मूत्रवाहिनीत, खालच्या टोकाला, सहा मिलिमीटरचा खडा. मुतखडा! आमच्या लहानपणी हा शब्द चारचौघांत उच्चारायचा नसे. नात्यातले एक आजोबा कुळथाचं कढण पितात, एवढंच मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर यायचं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपणहून पडतात. पाच ते दहा मिलिमीटरमधले साधारण निम्मे पडतात. उष्ण हवेत घामावाटे पाणी जातं, लघवी दाट होते, तिच्यातले क्षार विरघळलेले राहत नाहीत, स्फटिक होऊन बसतात. म्हणून आखातात हा आजार नेहमीचा. आम्ही केमिकल इंजिनियर. संपृक्त द्रावण, स्फटिकीकरण, सगळं पाठ. पदवीच्या परीक्षेत त्यावर गुण मिळवलेले. फक्त ते आपल्याच कुशीत चाललंय हे कळायला अडीच वाजावे लागले.

“नाही पडला तर?” आम्ही विचारलं. तर ध्वनीच्या आघातलहरींनी बाहेरून फोडतात किंवा दुर्बिणीनं काढतात. त्या आघातलहरींची गोष्ट आम्हाला ठाऊक होती आणि त्या अवस्थेतही सांगायची खुमखुमी आली : डॉर्निए ही जर्मनीतली विमानं बनवणारी कंपनी, वेगानं जाणाऱ्या विमानांवर आघातलहरींचा काय परिणाम होतो याच्या अभ्यासातून हे यंत्र निघालं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्यूनिचला पहिल्या रुग्णाचा खडा त्यानं फोडला. डॉक्टर हसले. म्हणाले, “तुमच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं वाढलंय. हे आजचं आहे की आधीपासूनचं, हे मला कळायला हवं. जुना रिपोर्ट आहे?” तो ह्यूस्टनला घरी, फायलीत. म्हणजे सौ.कडे. आम्ही म्हणालो, “बघतो.” आणि दोन दिवस दाखल होऊन पडून राहिलो.

सात वाजता सौ.चा रोजचा फोन आला. तिकडे रात्रीचे अकरा. चेहरा दिसू नये म्हणून आम्ही नुसता आवाज चालू ठेवला.

“कॅमेरा का बंद आहे रे?”

“नेटवर्क नीट नाहीये.”

“आणि आवाज असा का येतोय?”

“एसीनं घसा धरलाय.”

तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून अरबीत कुणाला तरी बोलावणं झालं.

“ही कसली अनाउन्समेंट?”

“मॉलमध्ये आलोय.”

“शुक्रवारी सकाळी सातला? मॉलमध्ये?”

आम्ही गप्प. तीही क्षणभर गप्प. मग म्हणाली, “ठीक आहे. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग,” आणि फोन ठेवला.

मधल्या पडद्याच्या पलीकडून आवाज आला, “साहेब, तुम्हाला खोटं बोलायला जमत नाय.”

मराठी! आम्ही पडदा सरकवला. शेजारच्या खाटेवर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ, पांढरी दाढी, डोळे मिश्कील. रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या गावचे कोकणी मुसलमान. कोकणातल्या त्या गावांतून आखातात जाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. वडील जहाजावर, चुलते कुवेतला, हे कतारला. बावीस वर्षं झाली. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो, ते आम्हाला साहेबच म्हणत राहिले.

काकांनाही खडाच झाला होता, आणि आमच्याहून मोठा. तिसऱ्यांदा. काम काय, तर पाण्याचा टँकर चालवणं.

“दिवसभर पाठीमागं पानी घेऊन फिरतो,” ते म्हणाले, “पन रस्त्यात थांबायला जागा कुठं? म्हणून पीत नाय.”

आम्ही दोघंही हसलो. हसताना दोघांच्याही कुशीत कळ आली.

मग दुपारभर ते बोलत होते. पहिला खडा झाला तेव्हा घरी सांगितलं नाही, दुसऱ्याला नाही, आताही नाही. “बायको घाबरंल. घाबरून करनार काय ती?” आम्हाला हे अगदी पटलं, कारण आमचाही हिशेब हाच होता. पण पुढं ते थांबले आणि छताकडं बघत म्हणाले, “पन साहेब, मंग घरचे पन तसंच शिकले.”

त्यांचे वडील २००९ साली वारले. त्या काळी कतारमधून देशाबाहेर पडायला मालकाकडून परवाना लागायचा, ‘एक्झिट परमिट’. बहुतेक कामगारांसाठी ती अट २०१८ च्या कायद्यानं गेली. परवाना लगेच मिळणार नाही, मिळेपर्यंत दफन होऊन जाईल, मग उगाच परमुलखात एकट्यानं रडत कशाला बसेल, असा विचार करून घरच्यांनी त्यांना कळवलंच नाही. बारा दिवसांनी कळलं. त्या बारा दिवसांत दोनदा घरी फोन झाला होता. “अब्बा कसे हायत?” “बरे हायत. झोपलेत.”

“आईनं सांगितलं झोपलेत,” काका म्हणाले. “खोटं नव्हतं तसं.”

त्यावर बोलण्यासारखं आमच्याजवळ काही नव्हतं. वॉर्डात जुम्म्याच्या नमाजाची बांग ऐकू आली. काका खाटेवरच बसून नमाज पढले. आम्ही भिंतीकडे तोंड करून पडून होतो.

एक वाजला. ह्यूस्टनला पहाटेचे पाच. एवढ्या पहाटे उठवावं का, असा नेहमीचा विचार मनात आला; तोही त्या पोस्टकार्डाचाच भाऊबंद. आम्ही नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. ती झोपलेलीच नव्हती.

“सांग,” सौ. म्हणाली.

आम्ही सगळं सांगितलं. खडा, मिलिमीटर, क्रिएटिनिन, मॉल. पलीकडे बराच वेळ शांतता. आम्हाला वाटलं रडतेय. पण नाही.

“दुखत होतं ते मी समजू शकते,” ती म्हणाली. “पण मी इतक्या लांबून काय करणार, हे तू परस्पर ठरवलंस. ते मला ठरवू द्यायचं होतंस. रात्रभर मी काय काय विचार केले असतील, माहीत आहे? त्यातला एकही सहा मिलिमीटरचा नव्हता.”

हे वाक्य आम्हाला इंजेक्शनच्या सुईपेक्षा लागलं. आमची समजूत अशी, की बातमी दाबली की काळजी वाचते. काळजी वाचत नाही. फक्त तिला मोजमाप राहत नाही.

पुढच्या तासाभरात सौ.नं आमची २०२२ ची रक्ततपासणी फायलीतून काढून पाठवली. त्यात क्रिएटिनिन व्यवस्थित होतं. ती बघून डॉक्टर म्हणाले, “चांगलं झालं. म्हणजे हे पाणी कमी पडल्यामुळं आणि खड्यामुळं, जुनं दुखणं नाही. आज सलाइन देऊ, उद्या पुन्हा बघू.” दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. सौ.नं विमा कंपनीला फोन केला, आमच्या बॉसला कळवलं, आणि दोह्यातल्या एका नाशिककडच्या कुटुंबाचा पत्ता मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून शोधून काढला. ते नवरा-बायको शनिवारी संध्याकाळी, ओळख ना पाळख, पन्नास किलोमीटर गाडी चालवत आले. डब्यात मऊ भात, मेतकूट, तूप, आणि काकांसाठीही वेगळा डबा. पंधरा तासांच्या अंतरावरून काय करता येतं, याचं उत्तर असं मिळालं.

राहिले होते आई-बाबा. पुण्याला. आई चौऱ्याहत्तरची, बाबा एकोणऐंशीचे. सौ. म्हणाली, “त्यांनाही तूच सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.” शनिवारी सकाळी, पुण्यात साडेअकरा वाजले होते तेव्हा, आम्ही फोन केला आणि यावेळी कॅमेरा चालू ठेवला. हाताला सलाइनची सुई होती, ती दिसू दिली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. कुळीथ, जवाचं पाणी, पानफुटीची पानं हे ओघानं आलंच. मग ती एकदम थांबली. बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, “सांग आता. त्यानं सांगितलं, तर तूही सांग.”

मार्चमध्ये, पाडव्याच्या चार दिवस आधी, आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

आम्हाला एकेक गोष्ट आठवायला लागली. पाडव्याला आई म्हणाली होती, “यंदा घरी चक्का नाही बांधला, चितळ्यांचं श्रीखंड आणलं.” आम्ही म्हणालो होतो, “बरं केलंस, दगदग नको.” नंतरचे दीड महिने फोनवर आई फक्त गळ्यापासून वर दिसत होती. आणि तिचा अंबाडा! आईचा अंबाडा म्हणजे घट्ट, एक केस बाहेर नाही असा. त्या काळात तो सैल, वाकडा दिसायचा. आम्हाला वाटलं होतं, वय झालं. तो बाबा घालत होते. ज्या गृहस्थांनी बँकेतून निवृत्त होईपर्यंत चहासुद्धा स्वतः केला नव्हता, ते एकोणऐंशीव्या वर्षी कुकर लावायला आणि बायकोचा अंबाडा घालायला शिकले. आणि हे आम्हाला, त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, चार महिन्यांनी कळत होतं, तेही आमचा खडा निघाला म्हणून.

“अरे, तू तिकडं कतारला जायच्या गडबडीत होतास,” आई म्हणाली. “तुला कशाला काळजी?”

आम्हाला रागवायचा अधिकार कुठं होता? आदल्याच दिवशी आम्ही मॉलमध्ये होतो!

मंडळी, आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कारखान्यात अपघात होता होता टळला, वरून पाना पडला पण कुणाला लागला नाही, तर तेही लिहून कळवायचं. त्याला ‘निअर मिस’ म्हणतात. कळवणाऱ्याला कुणी ओरडत नाही, उलट शाबासकी देतात. कारण न कळवलेल्या लहान गोष्टींतूनच मोठा अपघात तयार होतो. ही पद्धत आम्ही वीस वर्षं राबवतोय, लोकांना शिकवतोय. घरात मात्र आमची पद्धत बरोबर उलटी. पडलेला पाना उचलून खिशात घालायचा आणि ‘सर्व क्षेम’ लिहायचं. आई पडली हे मार्चमध्ये कळलं असतं तर आम्ही काय केलं असतं? कदाचित कतारचं काम नाकारलं नसतं. पण न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवली असती, फरशीवर न घसरणारी चटई टाकून घेतली असती, कामाला बाई ठेवली असती. ते आम्ही जुलैत केलं. मधल्या चार महिन्यांत आई पुन्हा पडली नाही, हे निव्वळ नशीब.

आता आमच्याकडे नियम असा : दुखणं ज्या दिवशी, त्याच दिवशी सांगायचं, आणि आकड्यासकट सांगायचं. ‘बरं वाटत नाही’ असं मोघम नाही. ताप किती, खडा केवढा, डॉक्टर काय म्हणाले. ऐकणाऱ्यासाठीही नियम आहे : लगेच ओरडायचं नाही आणि ‘मी तरी सांगत होतो’ म्हणायचं नाही. दुसरा नियम पाळणं पहिल्याहून कठीण जातं, हा अनुभव.

परगावी कामाला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. ताज्या तपासण्यांचे कागद फोनमध्ये असू द्यावेत. दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला तुमचा कालचा आकडा ठाऊक नसतो. विम्याचं कार्ड पाकिटात ठेवावं, सुटकेसमध्ये नाही. आखातात जाताना वेदनाशामक औषधं नेण्याआधी चौकशी करावी. कोडीन, ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांवर तिथं कडक निर्बंध आहेत आणि डॉक्टरची चिठ्ठी जवळ नसेल तर पंचाईत होते. ज्याला एकदा खडा झाला त्यानं दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यावं, म्हणजे उन्हाळ्यात तीन-साडेतीन लिटर तरी. आणि जिथं राहता तिथल्या वॉचमनचं नाव पहिल्या दिवशी विचारावं.

आमचा खडा अकराव्या दिवशी पडला. डॉक्टरांनी गाळणी दिली होती, त्यात सापडला. काळपट, काटेरी, साबुदाण्याच्या दाण्याहून मोठा नाही. एवढ्याशा ऐवजानं काय काय बाहेर काढलं! तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. पुढच्या टूलबॉक्स टॉकला आम्ही रंगीत तक्त्याबरोबर आपली हकिगतही सांगितली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. संपल्यावर चार-पाच जण बाजूला येऊन आपापला रंग सांगून गेले.

काकांचा खडा दुर्बिणीनं काढावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो, तर ते फोनवर होते. कोकणीतलं सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं, की पलीकडे बायको रडतेय आणि हे तिला मिलिमीटर सांगतायत. आम्ही दाराशीच थांबलो. फोन ठेवल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, “आता येते म्हनते इथं. व्हिसा काढा म्हनते. बावीस वर्षांत पयल्यांदा!”

सप्टेंबरअखेर आम्ही ह्यूस्टनला परतलो. परवा आईचा फोन आला. कॅमेरा पूर्ण उघडा, दोन्ही हात दिसतायत, अंबाडा घट्ट. म्हणाली, “काल रात्री बाबांचा रक्तदाब एकशे सत्तर झाला होता. गोळी बदलली. आज सकाळी एकशे अडतीस. दुपारी पुन्हा मोजून कळवते.”

रात्रभर आम्हाला झोप लागली नाही, हे खरं. पण काळजी एकशे अडतीसचीच केली, त्याहून जास्त नाही.